आतला फेरा

"आधी चहा घ्या, मग बघा सावकाश. गालिचा कुठे पळून जातोय?" टिपणीस म्हणाले आणि स्वतःच हसले.

"चहा नंतर," मी म्हटलं. "उजेड आहे तोवर बघू दे मला."

माझी ती सवयच. ज्या घरचा माल बघायचा त्या घरचं आधी पोटात काही घालायचं नाही. चहा घेतला की माणूस भिडेला पडतो, आणि भिडेला पडलं की डोळे मऊ पडतात. पुण्यात कॅम्पात गालिचे दुरुस्त करणारे एक इराणी आगासाहेब होते, त्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. बाईमाणूस गालिचे काय बघणार म्हणून लोक नाकं मुरडायचे. मुरडेनात का. बोलावायचे शेवटी मलाच.

जानेवारीतली पाचगणी. बाहेर सिल्व्हर ओकची झाडं निश्चल उभी, आत दिवाणखान्यात खोकी, पेटाऱ्या, सुतळीची बंडलं. बंगला विकला गेला होता आणि रविवारी सामानाचा ट्रक यायचा होता. गालिच्याला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं होतं, पण माल अस्सल आहे असं जाणकाराने लिहून दिल्याशिवाय ते घ्यायला तयार नव्हतं. म्हणून टिपणीसांनी मला पुण्याहून स्वतःच्या गाडीतून आणलं होतं, परत सोडायलाही तेच येणार होते. तेव्हा मोबाईल नव्हते, आणि त्यांच्या घरचा फोन आदल्या दिवशीच कापला होता. मला वाटत होतं मी लोकर बघायला आलेय. एका बाईचं उरलेलं आयुष्य त्या दुपारी त्या लोकरीत अडकलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गालिचा जमिनीवर पसरला होता, आणि खरं सांगते, बघून मी उजेडाची घाईसुद्धा विसरले. बख्तियारी होता, इराणातल्या डोंगरी टोळ्या विणतात तो. सगळा बागेच्या वाफ्यांसारखा चौकोनाचौकोनांत विणलेला; एका चौकोनात सुरूचं झाड, दुसऱ्यात डाळिंबाची फांदी, तिसऱ्यात पक्ष्यांची जोडी. पलंग ठेवून वर हिंडाफिरायला जागा उरेल एवढा मोठा.

"कुणी आणला हा?"

"आजोबांनी. इराणात अबादानला तेलाच्या कारखान्यात होते ना ते. येताना बोटीतून घेऊन आले." टिपणीस साठीचे, गोरे, दाढी गुळगुळीत केलेले. प्रत्येक वाक्यानंतर थोडं हसायचे. "ते बघा, तिथे फोटो आहे."

खोक्यावर एक तसबीर उताणी ठेवली होती. याच गालिच्यावर मांडी घालून बसलेला म्हातारा, आणि त्याच्या मांडीवर दोन घट्ट वेण्यांची मुलगी, आठनऊ वर्षांची असेल.

"ही कोण?"

"इंदुमती. धाकटी बहीण माझी." ते हसले. "आजोबांची फार लाडकी. कॅनडात असते हल्ली."

दारात त्यांच्या बायको उभ्या होत्या, शैलावहिनी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडाला कुलूप. आल्यापासून त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "संध्याकाळपर्यंत होईल ना?" कॅनडा म्हटल्यावर त्या आत निघून गेल्या.

मी चप्पल काढून गुडघ्यांवर बसले. गालिचा आधी डोळ्यांनी बघायचा नसतो, हाताने बघायचा. लोकरीची लव कुठल्या दिशेला झोपते ते तळव्याला कळतं. मग कोपरा उलटायचा. उलट बाजूला गाठी सरळ दिसतात, तिथे कुणाला लपवाछपवी करता येत नाही. गाठी हातच्याच होत्या, रंग झाडपाल्याचे. आणि मजा म्हणजे पाठीचा लाल रंग जितका गडद, तितकाच वरचाही. जरासुद्धा विटलेला नाही.

"हा कुठे पसरलेला असायचा?"

"इथेच. आयुष्यभर दिवाणखान्यातच."

मी मान वर करून पश्चिमेच्या खिडक्या बघितल्या. मोठाल्या, बिनपडद्याच्या. या उन्हात गालिचा दोन वर्षं जरी पडला असता तरी एक बाजू कांद्याच्या सालीसारखी फिकी पडली असती. याने वर्षानुवर्षं ऊन बघितलं नव्हतं. असू दे, म्हटलं. माल विकणारा माणूस सगळंच खरं सांगतो असं थोडंच असतं.

तेवढ्यात आत कुठेतरी फळ्या करकरल्या. थोडा वेळ करकरल्या, थांबल्या, पुन्हा करकरल्या.

"आत कुणी बांधाबांध करतंय का?"

"माकडं," टिपणीस पटकन म्हणाले. "छपरावर. पाचगणीच्या माकडांनी नुसता उच्छाद मांडलाय."

मी पुढे सरकले. एका बाजूच्या कडेला चार खळगे होते, पलंगाच्या पायांचे. खोल, आणि कडा अजून तशाच धारदार.

"पलंग होता वाटतं वर?"

"हो, वडील शेवटी आजारी होते तेव्हा इथेच टाकला होता."

"कधी गेले वडील?"

"झाली की बारा वर्षं."

लोकर जिवंत असते. वजन उचललं की हळूहळू पुन्हा उभी राहते. हे खळगे बारा वर्षांपूर्वीचे सोडा, गेल्या महिन्यातलेसुद्धा नव्हते. त्या गालिच्यावरून पलंग परवा-तेरवा उचलला होता.

सूर्य खाली आला तसा उजेड आडवा पडला. गालिच्याची झीज अशाच उजेडात दिसते. लव उंच असते तिथे चमक येते, झिजलेली असते तिथे सावली धरते. घराघरात झीज निराळी असते. दाराशी असते, आरामखुर्चीपुढे असते, देवघराच्या वाटेवर असते. माणसं घरात कशी वागतात ते तोंडाने सांगत नाहीत, गालिचा सांगतो. मी गाल जमिनीला टेकेल इतकी वाकले आणि बघतच राहिले.

पलंगाच्या एका पायाभोवती वाट पडली होती. सरळ नाही, गोल. घाण्याच्या बैलाची पडते तशी. पायापासून सगळीकडे सारख्याच अंतरावर, चौकोनांची, झाडांची, पक्ष्यांची पर्वा न करता आरपार गेलेली. वाट गालिच्याच्या कडेला पोचायची आणि तिथूनच मागे फिरायची. त्या वाटेच्या आत अजून एक वाट होती, तशीच गोल, पण आखूड.

माझा हात आपोआप आतल्या वाटेवर गेला. बाहेरच्या वाटेत तुटलेल्या लवेवर धूळ बसली होती, ती जुनी होती. आतल्या वाटेतली लोकर नुकती तुटलेली, स्वच्छ होती.

"हे काय आहे?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला.

टिपणीस या वेळी हसले नाहीत. जवळ येऊन उभे राहिले, इतके जवळ की त्यांच्या बुटाचं टोक माझ्या बोटांशी आलं. "कुत्रा होता आमचा. बांधून ठेवायचो पलंगाला. किंमत पडेल का त्याने?"

"नाही हो. जुन्या मालाला एवढं असायचंच."

कुत्रा. माझ्या पिशवीत बारीक चिमटा असतो. मी भिंग डोळ्याला लावून गाठींच्या मुळाशी बघायला लागले. कुत्रा एकदा गालिच्यावर राहिला की त्याचे केस मुळातून निघत नाहीत, धुतले तरी निघत नाहीत. नखांनी गाठी ओढल्या जातात. मुताने रंग जातो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. होतं ते एवढंच: वाळून खडा झालेलं भाताचं शीत, हळदीचा डाग, आणि चिमट्यात आलेला एक केस. लांबच लांब, पांढरा. संपेचना.

मी तो केस भिंगाआड धरला आणि बोटाभोवती गुंडाळून पिशवीत सोडला. वहिनींचे केस काळेभोर होते, कलप लावलेले, मानेवर कापलेले.

मग मी गालिच्याच्या टोकाकडे गेले. टोकाला सुताच्या दशा सुटलेल्या असतात, पदराला असतात तशा. पलंगाच्या बाजूच्या टोकाला त्या सुटलेल्या नव्हत्या. वेण्या घातल्या होत्या. तीन तीन पेडांच्या, उंदराच्या शेपटीएवढ्या बारीक, एकीला एक लागून, आणि प्रत्येकीच्या शेवटी लाल लोकरीच्या धाग्याची गाठ. लांबच्या वेण्या जुन्या होत्या, मळून काळ्या पडलेल्या. पलंगाच्या पायाजवळच्या पांढऱ्या होत्या, पुन्हा पुन्हा उसवून पुन्हा पुन्हा घातलेल्या, इतक्या की सूत विरलं होतं. लांबवर हात पोचायचा बंद झाला, मग हाताशी उरल्या त्याच.

शेवटची वेणी अर्धी होती.

आत फळ्या करकरल्या. या वेळी मी कान देऊन ऐकलं. पावलं होती. मोजकीच. मग काहीतरी घासत गेल्याचा आवाज, मग वळण, मग तीच पावलं मागे. आतापर्यंत त्या पावलांखाली हा गालिचा होता. त्यांनी तो काढला, आणि खाली उघड्या फळ्या राहिल्या.

कुत्रा कुठला, कॅनडा कुठला. आणि मी एकटी, संध्याकाळ व्हायला आलेली, परत जायची गाडी त्याच माणसाची. पळत सुटावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पळून पोलीस आणेपर्यंत हा माणूस आत काय करील याचा नेम नव्हता.

"काय बाई, गप्पशा झालात?" टिपणीस म्हणाले.

"टिपणीससाहेब," मी म्हटलं आणि तोंडभर हसले, "असा बख्तियारी मी आजवर हातात धरला नव्हता. तुमच्या गिऱ्हाइकाला वाटतोय त्याहून पुष्कळ वरचा माल आहे हा."

त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे?"

"म्हणजे साध्या कागदावर लिहून द्यायचा हा माल नाही. स्टॅम्पपेपरवर देते. उद्या गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर तुमच्या हातात काहीतरी पक्कं हवं ना. इथे मिळेल?"

"इथे नाही. वाईला मिळेल, कोर्टापाशी." त्यांनी घड्याळ बघितलं, मग आतल्या बोळाकडे बघितलं. "उद्या नाही चालणार?"

"उद्या मी सांगलीला. आज उरकलं तर उरकलं."

ते उभेच राहिले. माझ्याकडे बघत होते, मी भिंग पुसत होते. हाव मोठी की भीती मोठी, ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं. शेवटी त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि बायकोला हाक मारली. "शैला, बाईंना एकट्या सोडू नकोस. इथेच बस त्यांच्यापाशी."

गाडी फाटकाबाहेर गेली. पसरणी घाट उतरून वाई, आणि परत. वेळ होता, पण फार नव्हता.

शैलावहिनी खोक्यावर बसल्या. मी त्यांच्यापुढे खाली बसले, दशांची ती अर्धी वेणी हातात घेतली आणि काही न बोलता त्यांना दाखवली. त्यांनी बघितलं. मग मान फिरवली.

"वहिनी, आत कोण आहे?"

"माकडं आहेत."

"इंदुमती आहे ना?"

त्यांनी आतल्या बोळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिचं डोकं फिरलंय. हे सांगतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा वन्सं शाळेत शिकवायच्या. मला इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबला. "आजोबांनी बंगला त्यांच्या नावावर केला होता. ह्यांनी सही मागितली. त्या नाही म्हणाल्या. मामंजी होते तोवर ठीक होतं, त्यानंतर... आधी नुसती कडी लावायचे. मग दोरी आली."

"आणि ती आखूड कधी केली?"

वहिनींनी दचकून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं..."

"गालिच्यावर आहे ते."

"गेल्या दिवाळीत," त्या हळूच म्हणाल्या. "वन्संचा हात खिडकीला पोचला. दूधवाल्याला हाक मारली त्यांनी. त्याला वाटलं वेडी आहे."

"आणि आता बंगला विकला तो?"

"सही ह्यांनीच केली. त्यांच्या नावाने."

दूर घाटात कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही दोघी ऐकत राहिलो. तो खाली खाली गेला.

मी भरलेल्या खोक्यांकडे बघितलं. प्रत्येकावर चिठ्ठी होती. भांडी, अंथरुणं, देव, पुस्तकं. "वहिनी, रविवारी ट्रक येणार. त्यात तुमचं सगळं जाणार. इंदूताईंचं काय काय बांधलंय?"

त्या एकेका चिठ्ठीवरून नजर फिरवत राहिल्या.

"कपडे? पांघरूण? काहीतरी बांधलं असेल ना."

"काही बांधायचं नाही म्हणालेत."

"काहीच नाही?"

"त्यांना काही लागणार नाही म्हणालेत." आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं बहुतेक. इतके दिवस ते वाक्य त्यांनी कुठेतरी आत कोंबून ठेवलं असणार. "मी विचारलं नाही हो बाई. मी काही विचारतच नाही ह्यांना."

"आता तरी दार उघडा."

"ते येतील."

"येतीलच. म्हणून तर म्हणते."

त्या उठल्या. किल्ली शोधताना जुडगा दोनदा खाली पडला. मी उचलून दिला. बोळाच्या टोकाला खोली होती, खिडकीला आतून पत्रा ठोकलेला. दार उघडलं तेव्हा आधी वास आला, कोंदलेला, खोबरेल तेलाचा. मग दिसली ती.

उंच होती. साडी स्वच्छ होती. पांढऱ्या केसांची घट्ट वेणी कमरेखाली गेली होती. पायाला फडक्याची गुंडाळी, त्यावर दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला. ती चालत होती. आम्हाला बघून थांबली नाही, फेरा पुरा केला, मग थांबली.

"वन्सं," शैलावहिनी म्हणाल्या आणि पुढे बोलूच शकल्या नाहीत. खाली बसून गाठ सोडायला लागल्या. सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. दोरी पायातून गळून पडली.

"इंदूताई," मी म्हटलं, "चला. दार उघडं आहे."

तिने दाराकडे बघितलं. मग निघाली. चांगली ताठ मानेने चालत आली, आणि दार चारपाच हातांवर असताना वळली. जिथे दोरी संपायची तिथूनच. फेरा घेऊन पलंगाशी गेली आणि पुन्हा आली, पुन्हा तिथूनच वळली.

"वन्सं, दोरी नाही आता, बघा तरी," वहिनी रडत होत्या. मी तिचा हात धरला, तर तो लाकडासारखा कडक झाला. ओढलं तर ती जमिनीलाच खिळली. पुन्हा हॉर्न ऐकू आला. या वेळी चढणीवरचा होता. कुणाचीही गाडी असेल, पाचगणीला काय एकच गाडी येते?

आणि मला एकदम सुचलं. कसं सुचलं कोण जाणे.

"वहिनी, गालिचा."

"काय?"

"गालिचा आणू. धरा एक टोक."

ओला नसला तरी बख्तियारी म्हणजे धोंडा. आम्ही दोघी बायका, एक पन्नाशी उलटलेली, एक भीतीने अर्धमेली, तो बोळातून फरफटत आणला. पलंगाच्या बाजूचं टोक, ज्यावर तिच्या वेण्या होत्या, ते तिच्या पायांशी नेऊन टाकलं. बाकीचा गालिचा दाराकडे, उंबऱ्यावरून, बाहेर बोळात उलगडत गेला.

ती थांबली. खाली बघितलं. वाकून त्या अर्ध्या वेणीला हात लावला, मग सोडून दिला.

मग तिने पाऊल ठेवलं. पहिल्या चौकोनावर, जिथे लव झिजून सूत दिसत होतं. दुसऱ्यावर. आतल्या फेऱ्यावर आली, थांबली. तिने बाहेरच्या फेऱ्यावर पाऊल टाकलं. तोही ओलांडला. त्यापुढे सुरूचं झाड होतं, पूर्ण लवेचं, तिच्या लहानपणी होतं तसंच. तिचा पाय त्यात घोट्यापर्यंत रुतल्यासारखा झाला आणि तिने चमकून खाली बघितलं.

"इथे डाळिंब आहे," ती म्हणाली. आवाज फुटका होता. "मग पक्षी."

"हो," शैलावहिनी म्हणाल्या. "चला ना, वन्सं. बघू पुढे काय आहे."

डाळिंब झालं, पक्षी झाले, उंबरा गालिच्याखाली गेला तो तिला कळलाही नाही. शेजारच्या शाळेत संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायला लागली होती. पुढे त्याच शाळेच्या फाटकात आम्ही तिघी जाऊन उभ्या राहिलो, तिथूनच पोलिसांना फोन केला, आणि टिपणीस स्टॅम्पपेपर घेऊन परत आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. ते सगळं नंतरचं. तेव्हा मी फक्त तिच्या पावलांकडे बघत होते.

गालिच्याच्या दुसऱ्या टोकाच्या दशा मोकळ्या होत्या, कुणाचा हात न लागलेल्या. ती त्यांच्यापाशी उभी राहिली. पुढे व्हरांडा होता, उघडं दार होतं, बाहेर उतरतं ऊन होतं. तिने पाऊल उचललं आणि दशा ओलांडून थंड फरशीवर ठेवलं.

"गार आहे," ती म्हणाली.

शैलावहिनींनी आपल्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या.